आतून लावलेली कडी

आप्पांनी काठीचं टोक फरशीवर टेकवलं आणि म्हणाले, "हे बघ."

मी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आले. त्यांच्या कॉटच्या पायाशी ओल पसरली होती. खारीक टेबलाखाली जाऊन बसली होती. कान मागे, शेपूट पोटाखाली.

"पुसते, आप्पा."

"पुसशील गं. रोजच पुसतेस. पण घर आहे हे, गोठा न्हाई." ते मागे वळून कॉटवर बसले. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी सन्मती येतोय न्हवं? त्याला सांग, हिला म्हैसाळच्या मळ्यात सोडून ये म्हणावं. तिथं कुठं बी करू दे."

प्राची आरशासमोर वेणीला रिबीन बांधत होती. तिचे हात थांबले. मळ्यात राखणीची तीन कुत्री होती आणि आदल्या वर्षी तिथे सोडलेल्या पिल्लाचं त्यांनी काय केलं होतं ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फडकं आणायला गेले.

ही सगळी एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आम्ही मिरजेत राहायचो. मी घराजवळच्याच प्राथमिक शाळेत शिकवायचे. माझी सात वर्षांची लेक प्राची त्याच शाळेत दुसरीत होती. माझे यजमान सन्मती रत्नागिरीकडच्या एका कारखान्यात होते, महिन्यातून एकदा घरी यायचे. म्हणजे घरात आम्ही तिघंच. मी, प्राची आणि माझे सासरे भूपाल मगदूम. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे.

आप्पा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी धोतर इस्त्रीचं, दाढी रोज, जेवण बाराच्या ठोक्याला. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. चढवावाच लागायचा नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण ते समोर असताना मी खुर्चीवर बसले नव्हते. सासूबाई होत्या तोवर आमच्यामध्ये त्या असायच्या. त्या गेल्यावर तो आडोसाही गेला. बाहेरून येताना त्यांच्या चपला दारात दिसल्या की मी पदर सारखा करायचे, आणि का कोण जाणे, मनातल्या मनात दिवसभरात आपलं काय चुकलं त्याची उजळणी करायचे.

त्यात प्राचीनं शाळेच्या फाटकापाशी सापडलेलं हे पिल्लू आणलं. खारकेच्या रंगाचं, म्हणून खारीक. आप्पा तेव्हा "बघू" एवढंच म्हणाले होते. आता खारीक पाच महिन्यांची झाली होती आणि बघून झालं होतं.

त्याच संध्याकाळी मी प्राचीला आणि खारीकला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मुजावर म्हणजे हळू बोलणारा, भल्या मोठ्या हातांचा माणूस. त्यांनी खारीकला तपासलं, पोट दाबून पाहिलं.

"तब्येतीला काही झालेलं नाही. शिकवलेलं नाही, एवढंच. चूक झाली की काय करता?"

"आप्पा काठी आपटतात," प्राची म्हणाली.

"आपटू नका. मारू नका, नाक घासू नका. त्यानं ती एवढंच शिकते की माणसांपासून लपून करायचं." त्यांनी मला कागदावर मापं लिहून दिली. "एक पिंजरा करून घ्या. उभं राहता येईल, गोल फिरून झोपता येईल, एवढाच. फार मोठा केला तर एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात करेल. झोपायची जागा कुत्रं स्वतःहून घाण करत नाही."

"कोंडायचं?" प्राचीचे डोळे भरले.

"कोंडायचं नाही, बाळ. तिची खोली आहे ती. आधी दार उघडंच ठेवायचं. जेवण आत द्यायचं. स्वतःहून जायला लागली की दोन मिनिटं कडी, मग पाच, मग पंधरा. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं. बाहेर केलं की शाबासकी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि बाई, एक वही करा. कुठं केलं, किती वाजता केलं, सगळं लिहा. फिनेलनं पुसू नका, व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा. वास राहिला की पुन्हा त्याच जागी जातात."

ग्रील करणाऱ्याकडून दोन दिवसांत पिंजरा आला. हमालानं तो पुढच्या खोलीत, सोप्यात, ठेवला तेव्हा आप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"ह्याला कडी लावणार?"

"थोडा वेळच, आप्पा. डॉक्टर म्हणाले..."

"आणि आत तिनं हाका मारल्या तर?"

ते उठून आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. एवढा राग कशाचा, ते मला समजलं नाही. मी नुसती घाबरले.

पण खारीक शिकली. आम्हाला वाटलं होतं त्याहून लवकर शिकली. तिसऱ्या दिवशी भाकरीच्या तुकड्यासाठी आत जायला लागली, पाचव्या दिवशी जुन्या चादरीवर मुटकुळं करून आपणहून झोपली. शाळेला निघताना मी कडी लावायचे; रात्री पिंजरा उघडाच असायचा. मधल्या सुट्टीत, दोन वाजता, धावत घरी यायचे, तिला मागच्या अंगणात न्यायचे, आणि पुन्हा पाचपर्यंत आत. सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघी मायलेकी तिच्यामागे अंगणात उभ्या. तिनं पेरूच्या झाडाखाली केलं की प्राची टाळ्या वाजवायची.

तरी वहीतल्या नोंदी थांबेनात. तेच मला उमगत नव्हतं. सोप्यात, न्हाणीघराच्या वाटेवर. आप्पांच्या कॉटजवळ, पहाटे. पुन्हा कॉटजवळ. मी आले की आप्पा काठीनं दाखवायचे. मी पुसायचे आणि लिहायचे. सन्मतींचा रविवार जवळ येत होता. प्राचीनं जेवण कमी केलं होतं. "आई, म्हैसाळची कुत्री बांधलेली असतात ना?" असं ती दिवसातून दोनदा विचारायची.

मंगळवारी दोन वाजता मी दार उघडलं. पिंजऱ्याची कडी लावलेली होती, खारीक आत होती, आणि पिंजऱ्यापासून चार पावलांवर फरशी ओली होती.

मी कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"आप्पा, खारीकला बाहेर काढलं होतं का?"

"काढलं होतं," आप्पा खुर्चीतून म्हणाले. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. "रडत होती. केलं तिनं लगेच. मग घातली परत."

ते पुसताना माझ्या मनात जे आलं, ते आज सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय. आम्ही बाहेर गेलो की तिला काढतो, घरात करू देतो, परत कोंडतो, म्हणजे रविवारी मुलाला दाखवायला पुरावा. गळ्यापर्यंत राग आला. पण त्यांना विचारायची छाती नव्हती. अकरा वर्षांत नव्हती, त्या दिवशी कुठून येणार?

बुधवारी मी प्रवासी बॅगेचं छोटं कुलूप शोधून काढलं. आप्पा आत जप करत होते. मी पिंजऱ्याच्या कडीला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि शाळेला गेले. फळ्यावर बेरजा लिहिताना दोनदा चुकले. चोरी केल्यासारखं वाटत होतं.

दोन वाजता घरी आले. कुलूप जसंच्या तसं होतं. आतली चादर कोरडी, आणि खारीक मला बघून उभी राहून कण्हत होती, बाहेर जायच्या घाईनं.

आणि सोप्यात ओल होती. आदल्या दिवसापेक्षा मोठी. आप्पांच्या खुर्चीपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत गेलेली.

आप्पा खुर्चीत बसले होते. धोतर सकाळचं नव्हतं. न्हाणीघरातून बादलीत नळ गळत असल्याचा आवाज येत होता.

"बघ," ते म्हणाले. "परत केलं तिनं. रडत होती म्हणून मीच काढली हुती बाहेर."

मी पिंजऱ्यापाशी वाकले आणि किल्ली लावली. कुलूप टिचकन उघडलं. त्या आवाजासरशी आप्पांनी मान वळवली. त्यांनी कुलूप पाहिलं. माझ्या हातातली किल्ली पाहिली.

मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं घाट उतरलेला तो माणूस. त्याच्या चेहऱ्यावर जे मला दिसलं ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, काठी आपटल्यावर टेबलाखाली गेलेल्या खारीकच्या चेहऱ्यावर. ते मला घाबरले होते. मला.

"हो आप्पा," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटत होता. "लहान आहे अजून. शिकेल हळूहळू."

ते पुन्हा खिडकीकडे वळले. मी फरशी पुसली.

त्यांची अब्रू राखली असं तेव्हा मला वाटलं. खरं तर मला बोलायची भीती वाटली, एवढंच. सुनेनं सासऱ्याला असलं काही विचारायचं कसं? सन्मती रविवारी येतील, त्यांनाच सांगू, चार दिवसांनी काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं.

गुरुवारी आप्पांनी पाणी पिणं सोडलं. तांब्या भरून ठेवला तसाच संध्याकाळी भरलेला. चहा नको म्हणाले. शुक्रवारी सकाळी त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसला आणि उचकी लागली होती, ती काही केल्या थांबेना.

"आप्पा, डॉक्टरांकडे जाऊया का?"

"कशाला? काय झालंय मला?" त्यांनी असं पाहिलं की मी पर्स उचलून निघाले.

दोन वाजता घरी आले तेव्हा खारीक पिंजऱ्यात वेड्यासारखी भुंकत होती. खुर्ची रिकामी होती. न्हाणीघराचं दार बंद होतं.

"आप्पा?"

आतून उचकी ऐकू आली. मग काहीतरी घासत खाली सरकल्याचा आवाज.

मी दार ढकललं. कडी लागली होती.

"आप्पा, कडी काढा. मी पद्मा."

मग आतून एक आवाज आला. तो आप्पांचाच होता, पण असा केविलवाणा, आर्जवी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"कडी काढ रं. न्हाई करणार परत. देवाशपथ न्हाई करणार."

मी दारावर थापा मारल्या.

"आप्पा, कडी आतून आहे. तुमच्या बाजूला. वर हात करा, वर."

"भूपाल," आतला आवाज म्हणाला. "भूपाल, लेकरा, कडी काढ. अंधार हाय हितं."

भूपाल म्हणजे ते स्वतःच. ते स्वतःलाच हाक मारत होते. भर दुपारी, उन्हानं पांढऱ्या झालेल्या घरात, दाराला कान लावून मी उभी होते. आत कोण आहे? हे कोण बोलतंय? पळत जाऊन शेजाऱ्यांना बोलवावं असं वाटत होतं आणि दार सोडवतही नव्हतं. उचकी थांबली. मग काहीच ऐकू येईना. ती शांतता उचकीपेक्षा वाईट होती.

मी पदर खोचला आणि खांद्यानं दाराला धक्का दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लाकडातून खिळे निघाले आणि कडी खणकन आत पडली.

आप्पा भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसले होते. धोतर सुटलेलं. डोळे उघडे, पण मी त्यांना दिसत नव्हते. पोट बेंबीखाली मडक्यासारखं फुगलं होतं. मी त्यांच्या काखेत हात घातले तसे ते दोन्ही हात डोक्यावर घेऊन आकसले, मार चुकवावा तसे.

शेजारच्या घोरपड्यांची रिक्षा होती. त्यांनी आणि मी मिळून आप्पांना इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि लगेच नळी घालायला घेतली. पडद्याबाहेर उभं राहून मी पिशवी भरताना पाहिली. एक भरली, दुसरी लावली.

"लघवी तुंबून तुंबून ओसंडत होती," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "प्रोस्टेटची गाठ वाढली की असं होतं. म्हाताऱ्या माणसाला वाटतं ताबा गेला, म्हणून तो पाणी तोडतो. इकडे विष रक्तात चढतं, त्यानं भ्रम होतो. मूत्रपिंडं पार थकलीत. आणखी दोन दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. कधीपासून होतंय?"

"अठरा दिवस." माझ्या तोंडून निघून गेलं.

"एवढं नक्की?"

"लिहून ठेवलंय. मला वाटत होतं, आमची कुत्री करतेय."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"पण बुधवारपासून मला माहीत होतं," मी म्हणाले. ते कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. "माहीत असून मी गप्प बसले."

सन्मती रात्रीच्या गाडीनं निघाले. शनिवारभर आप्पा शुद्धीत येत-जात होते. रविवारी त्यांनी मला ओळखलं. सन्मती औषधं आणायला खाली गेले होते. मी कॉटशेजारी उभी होते.

"बस," आप्पा म्हणाले.

मी स्टुलाच्या कडेवर टेकले.

"आत मी काय बोलत होतो?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. त्यांनी डोळे मिटले.

"माझा बाप," ते म्हणाले. "शेवटच्या दोन वर्षांत त्याचं सगळं अंथरुणात व्हायचं. आई म्हणाली, घरात वास येतोय, पाव्हणं येत्यात. मग त्याला गोठ्यात टाकला. बाहेर पडून रस्त्यावर जायचा, म्हणून कडी." त्यांनी ओठ ओले केले. "मला रेल्वेत नुकतं लावून घेतलं हुतं. सकाळी ड्युटीला जाताना कडी मी लावायचो. तो आतनं हाका मारायचा. माझं नाव घेऊन."

मी चादर त्यांच्या पायांवर ओढली.

"एके दिवशी दोन दिवसांची ड्युटी लागली. आईला वाटलं, मी सांजच्याला येऊन उघडीन. मी आलो तवा कडी तशीच हुती." त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही.

मग म्हणाले, "तो पिंजरा घरात आला त्याच्या आधीच माझं सुरू झालं हुतं. आदल्या आठवड्यात. तू कडी लावायचीस. रोज शाळेला जाताना. मी बघायचो. वाटायचं, कळलं तर ही बी..." ते थांबले. "त्या मुक्या जिवावर घातलं सगळं. तिच्या नावावरचं निम्मं माझंच."

निम्म्याहून जास्त, हे मी त्यांना सांगितलं नाही. नंतर मी वही काढून पाहिली. बावीस नोंदी होत्या. त्यातल्या फार तर सहा खारीकच्या.

मळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सन्मतींनी विचारलं, तेव्हा आप्पाच म्हणाले, "कुत्री शिकलीय. तुझं तू बघ." आप्पांचं ऑपरेशन दीड महिन्यानं झालं, मूत्रपिंडं सावरल्यावर. त्यानंतर ते आठ वर्षं जगले आणि शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात गेले. त्या दाराला पुन्हा कडी काही कोणी बसवली नाही. आत कोणी असलं की बाहेरून हाक मारायची, अशीच घराला सवय लागली.

पण त्या दीड महिन्यात आप्पा नळी आणि पिशवीसकट घरी होते. सन्मती रजा संपवून परत गेले. पिशवी दिवसातून तीनदा रिकामी करायची होती आणि करणारी मीच होते.

पहिल्या दिवशी सकाळी मी भांडं घेऊन त्यांच्या खोलीत गेले. प्राची खारीकला घेऊन अंगणात गेली होती. आप्पांनी मला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी खाली बसले. नर्सनं दाखवलं होतं तसं पिशवीचं बूच धरलं, पण ते निघेना. चुकून ओढलं जाईल, त्यांना लागेल, फरशीवर सांडेल, ते काय म्हणतील, सगळं एकदम मनात येत होतं.

"काय झालं?" भिंतीकडूनच त्यांनी विचारलं.

"काही नाही, आप्पा."

"नळी हालतेय. तुझे हात थरथरत्यात."

मी नाही म्हणणार होते. अकरा वर्षांच्या सवयीनं ओठांवर आलंच होतं.

"भीती वाटतेय, आप्पा," मी म्हणाले.

मग हळूहळू त्यांनी कूस बदलली. नळीला हिसका बसू नये म्हणून एक हात चादरीखाली धरून, कण्हत, पूर्ण माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मला बी," ते म्हणाले. "सावकाश कर. मी हाय हितंच."